परसातून पानात : इंग्लंडच्या एका खेड्यातील जेवण

इंग्लंडचे नाव निघाले की आपल्याकडे कोणी तरी हमखास म्हणतो, "त्या लोकांना राज्य करता आले, पण स्वयंपाक काही आला नाही." इंग्रजी कादंबऱ्या शिकवताना मीही हे वाक्य वर्गात बोलून मुलांना हसवले आहे. उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी आणि वर चिमूटभर मीठ, एवढेच त्यांचे जेवण, अशी माझी पक्की समजूत होती. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या एका लहानशा खेड्यात मी दुपारचे जेवण जेवलो आणि ते वाक्य बोलायचे सोडून दिले. गंमत अशी, की त्या पानातही बटाटा उकडलेलाच होता! मग वेगळे काय होते? तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात नोकरीनिमित्त राहतो. रविवारी सकाळी तो म्हणाला, "सर, आज आपण गावातल्या पबात जेवू." मी जरा चाचरलो. पब म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे दारूचा गुत्ता येतो. माझा चेहरा पाहून तो हसला. "सर, चला तरी. तिथे आजीबाई नातवंडांना घेऊन जेवायला येतात."

ते खरेच होते. 'पब' हा 'पब्लिक हाऊस' या शब्दांचा संक्षेप. म्हणजे चारचौघांसाठी उघडे असलेले घर. बिअर तिथे मिळते, यात शंका नाही. पण इंग्लंडच्या खेड्यात पबाचे स्थान आपल्याकडच्या पारासारखे किंवा चावडीसारखे आहे. पाऊसपाण्याच्या गप्पा तिथे, पंचायतीच्या तक्रारी तिथे, क्रिकेटच्या सामन्याची चर्चाही तिथेच. प्रत्येक पबाच्या दारावर रंगवलेली पाटी टांगलेली असते. इ.स. १३९३ मध्ये राजा दुसरा रिचर्ड याने बिअर विकणाऱ्यांना दारापुढे खूण लावण्याची सक्ती केली. त्या काळी वाचता येणारे थोडे. तेव्हा पाटीवर अक्षरांऐवजी चित्रे आली. म्हणून पबांची नावे 'तांबडा सिंह', 'काळा हंस', 'नांगर' अशी, डोळ्यांना दिसतील अशी आहेत. 'रॉयल ओक' हे असेच एक नाव. १६५१ मध्ये वूस्टरची लढाई हरल्यावर दुसरा चार्ल्स एका ओक वृक्षाच्या फांद्यांत लपून बसला होता, त्याची ही आठवण. शिक्षक मित्रांनी लक्षात घ्यावे, की ज्याला इतिहासाचे पुस्तक कधी उघडायला मिळाले नाही, त्यालाही त्या पाटीने इतिहासाचे एक पान शिकवले.

असो. आपण जेवायला निघालो होतो.

पिवळसर दगडाची बैठी इमारत, बुटकी दारे, आत लाकडी बाके. भिंतीवर काळा फळा, अगदी आपल्या शाळेत असतो तसा. त्यावर खडूने सात-आठ पदार्थ लिहिलेले. आम्ही बसतो न बसतो तोच आतून एक बाई आली आणि तिने फळ्यावरची एक ओळ ओल्या फडक्याने पुसून टाकली. मी विद्यार्थ्याला विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "सर, आजचे बीट संपले. आता उद्या उपटतील तेव्हा मिळेल."

'उद्या उपटतील' हे शब्द ऐकून मी कान टवकारले. हॉटेलात बसलेला मनुष्य 'उद्या येईल' म्हणतो. 'उद्या उपटतील' असे कोण म्हणतो? तेव्हा कळले, की या पबाच्या मागे भाजीची बाग आहे आणि फळ्यावर काय लिहायचे ते रोज सकाळी बाग बघून ठरते.

आम्ही काय जेवलो, ते आता सांगतो. मी शाकाहारी आहे, हे आधी सांगून ठेवलेले होते. प्रथम आले ओल्या मटारचे सार, त्यात पुदिना. मग नवे बटाटे. 'नवे' म्हणजे वेल पुरता वाळण्याआधीच काढलेले, सुपारीहून थोडे मोठे, साल इतकी पातळ की बोटाने चोळली तरी निघावी. ते सालीसकट उकडलेले, वर लोणी, जाड मीठ आणि पुन्हा पुदिन्याची पाने. त्यासोबत भाजलेल्या पावाच्या चकतीवर शेळीच्या दुधाचे चीज आणि 'ब्रॉड बीन' नावाच्या शेंगांचे दाणे. हे दाणे आपल्या वालापेक्षा मोठे आणि चपटे. शेंग सोलून दाणा काढायचा आणि दाण्याची जाड साल पुन्हा काढायची. आतून निघतो तो पाचूसारखा हिरवागार दाणा. कोकणातल्या माझ्या भगिनींना हे काम चांगले परिचयाचे आहे. डाळिंब्या सोलताना बोटे कशी दुखतात, ते त्यांनाच विचारावे. शेवटी गूजबेरी नावाची आंबट फळे शिजवून, साखर घालून, घट्ट सायीत कालवलेली. प्यायला मी एल्डर नावाच्या झाडाच्या फुलांचे सरबत घेतले. ही फुले जूनमध्ये येतात आणि खेड्यांतून घरोघरी त्यांचे सरबत करून ठेवतात.

मसाल्याच्या नावाने मीठ, मिरपूड आणि पुदिना. तरीही पहिला घास घेतला आणि मी गप्प बसलो. बटाट्याला बटाट्याची चव होती, मटारला मटारची. इतकी साधी गोष्ट, पण शहरात वीस वर्षे राहून मी ती विसरलो होतो.

जेवण झाल्यावर मालकीणबाईंनी आम्हांला मागची बाग दाखवली. असेल तीन-चार गुंठ्यांची. तिन्ही बाजूंना विटांची भिंत. ही भिंत दिवसा ऊन पिते आणि रात्री ऊब देते, शिवाय गार वारा अडवते. काठ्यांच्या तिकाटण्यांवर शेंगांचे वेल चढवलेले, खाली सॅलडची पाने, कोपऱ्यात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा खड्डा. स्वयंपाकघरातली साले त्या खड्ड्यात आणि खड्ड्यातले खत पुन्हा वाफ्यात. वाफ्यांच्या कडेला जमिनीत बशा पुरून ठेवल्या होत्या. मी विचारले, "या कशाला?" बाई म्हणाल्या, पिंपात उरलेली शिळी बिअर त्यात ओततात. पाने खाणाऱ्या गोगलगाई वासाने येतात आणि त्यात बुडून मरतात. मी मनात म्हटले, चला, तेवढी दारू तरी सत्कारणी लागली!

आता प्रश्न असा, की या ताज्या भाजीत असे असते तरी काय? यात जादू काही नाही, बरं का. मटारचा दाणा तोडल्यावरही जिवंत असतो, श्वास घेत असतो. कोवळ्या दाण्यात साखर असते. शेंग वेलीवरून तुटली की नवी साखर यायची थांबते आणि आहे तिचे भराभर पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये रूपांतर होऊ लागते. उष्णता जितकी जास्त तितका हा बदल वेगाने होतो. म्हणून सकाळी तोडलेला मटार दुपारी गोड लागतो आणि तिसऱ्या दिवशी पिठूळ. इंग्लंडात मटार गोठवणारे कारखाने आहेत. शेतात यंत्र फिरल्यापासून अडीच तासांच्या आत दाणा गोठलेला असावा, यासाठी त्यांची सगळी धडपड चाललेली असते. म्हणजे लाखोंची यंत्रे लावून ते जे साधतात, ते या बाई टोपली घेऊन चाळीस पावले चालून साधतात.

आपल्याला हे नवे वाटू नये. ज्वारीचा हुरडा आपण शेतावर जाऊनच का खातो? कणीस आगटीत भाजायचे, तळहातावर चोळायचे आणि तिथेच तोंडात टाकायचे. तोच हुरडा दोन दिवसांनी शहरात आणून खाल्ला तर लोक म्हणतात, 'मजा नाही आली.' येणार कशी? गोडवा वाटेतच आटून गेला. त्या पबात मी जेवलो, तो एका परीने इंग्रजांचा हुरडाच होता.

पण इंग्लंडचा शेतकरी आपल्यासारखा बाराही महिने काही ना काही पिकवू शकत नाही. लंडन साधारण ५१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथे साडेसोळा तास उजेड असतो, तर डिसेंबरात जेमतेम आठ तास. कडाक्याच्या थंडीत वाढ जवळजवळ थांबते, आणि पुष्कळ ठिकाणी मे महिन्यातही एखाद्या रात्री हिमकण पडून कोवळी रोपे जळतात. सर्वांत अवघड काळ कोणता? तुम्ही म्हणाल, हिवाळा. तसे नाही. हिवाळ्यात कोबीवर्गीय भाज्या, कांदेपात, साठवणीची कंदमुळे असतात. अवघड काळ एप्रिल-मेचा. जुने संपलेले, नवे हाती आलेले नाही. बाहेर फुले फुललेली आणि टोपली रिकामी! या दिवसांना तिकडे 'भुकेली फट' अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कणगी तळाला जाते, त्यातलाच हा प्रकार. जो पब खरोखर बागेवर चालतो, त्याचा फळा या दिवसांत आखूड होतो. एप्रिलमध्ये एखाद्याच्या फळ्यावर बागेतले टोमॅटो लिहिलेले दिसले, तर गिऱ्हाइकाने खुशाल शंका घ्यावी.

मग ज्या देशात अशी चव होती, त्याची 'बेचव जेवणाचा देश' अशी ख्याती का झाली? यामागे मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामायिक जमीन, म्हणजे आपल्या भाषेत गायरान, कुंपणे घालून खाजगी मालकीची करून टाकली. गरिबाची गाय गेली, परडे गेले. तो शहरात गिरणीत कामाला गेला आणि जे विकत मिळेल ते खाऊ लागला. पुढे चूक उमगली. लोकांना भाजीपाल्यासाठी खंडाने लहान तुकडे द्यावेत अशी चळवळ झाली आणि १९०८ च्या कायद्याने ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. अशा तुकड्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. त्याचे रूढ माप दहा चौरस रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे! एवढ्या जमिनीत एका कुटुंबाची बरीचशी भाजी निघते, असा तिथला अनुभव आहे.

या अडीच गुंठ्यांची किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. बाहेरून धान्य आणणारी जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. १९३९ च्या ऑक्टोबरात सरकारने 'विजयासाठी खणा' अशी हाक दिली. लोकांनी हिरवळी खणल्या, मैदाने खणली. लंडनच्या प्रसिद्ध टॉवर किल्ल्याच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली. १९४० च्या जानेवारीत लोणी, साखर, डुकराचे खारवलेले मांस यांवर शिधापत्रिका आली. चीज पुढे आठवड्याला माणशी दोन-तीन औंसांवर आले. भाजीपाल्याला मात्र शिधापत्रिका लागली नाही, आणि त्याचे श्रेय पुष्कळसे या खणणाऱ्या हातांना आहे.

शिधावाटप पूर्णपणे उठले ते १९५४ च्या जुलैमध्ये. एवढ्या चौदा वर्षांत एक अख्खी पिढी काटकसरीच्या स्वयंपाकावर वाढली. नंतर सुबत्ता आली, पण तिच्याबरोबर डबे, गोठवलेली पाकिटे आणि मोठी दुकानेही आली. पबांत तर पाकीट फोडून गरम करण्याचीच पद्धत पडली. आजही पुष्कळ पबांत 'नांगऱ्याचे दुपारचे जेवण' अशा अर्थाच्या नावाने एक थाळी मिळते : पाव, चीज, मुरवलेला कांदा. नाव ऐकून वाटते, शेकडो वर्षांची परंपरा असावी. पाव, चीज आणि कांदा शेतकरी पूर्वीपासून खात होता, हे खरे. पण थाळीचे हे नाव घरोघर पोहोचवले ते १९५० आणि १९६० च्या दशकांत चीज खपवू पाहणाऱ्या मंडळांनी. तेव्हा श्रोतेहो, जुन्याच्या नावाने विकले जाणारे सारेच जुने नसते, ही खूणगाठ बांधून ठेवा.

पालट दिसू लागला तो १९९० च्या सुमारास. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या मद्य कंपन्यांच्या हाती किती पब असावेत यावर बंधने आणली, त्यामुळे पुष्कळ पब विक्रीला निघाले. १९९१ मध्ये मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी लंडनमध्ये 'ईगल' नावाचा पब घेतला आणि तिथे साधे पण ताजे, चांगले जेवण द्यायला सुरुवात केली. त्याचे अनुकरण देशभर झाले. यॉर्कशायर परगण्यातल्या ओल्डस्टेड या लहान खेड्यात 'ब्लॅक स्वान' नावाचा पब २००६ मध्ये बँक्स या शेतकरी कुटुंबाने चालवायला घेतला. त्यांचा मुलगा टॉमी याने कोणत्याही पाकशाळेत न शिकता मागच्या बागेतल्या भाज्यांवर स्वयंपाक उभा केला. पुढे बिटासारख्या गरीब कंदावर केलेल्या त्याच्या पदार्थासाठी दूरदूरचे लोक त्या खेड्यात येऊ लागले.

मला मात्र याहून महत्त्वाची वाटते ती हडस्वेल या यॉर्कशायरमधल्याच गावाची गोष्ट. खेड्यांतले पब तिकडे झपाट्याने बंद पडत आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते. पुढच्या वीस-बावीस वर्षांत त्यांतले दहा हजारांहून अधिक गेले. हडस्वेलचा 'जॉर्ज अँड ड्रॅगन' हा पबही २००८ मध्ये बंद झाला. गावात बसायला दुसरी जागा उरली नाही. तेव्हा गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर भाग गोळा केले, इमारत विकत घेतली आणि २०१० मध्ये दार पुन्हा उघडले. त्यांनी तिथे एक छोटे ग्रंथालय ठेवले, किराणा दुकान ठेवले आणि मागच्या जमिनीचे तुकडे पाडून गावकऱ्यांना भाजी लावायला दिले. बिअरवाल्यांच्या एका ग्राहक संघटनेने २०१६ चा देशातला सर्वोत्तम पब म्हणून त्याचीच निवड केली. सहकाराचे नाव आपल्या महाराष्ट्रात नव्याने सांगायला नको. पाण्याची संस्था, दुधाची संस्था आपण काढल्या. पार मोडकळीला आला म्हणून गावाने भाग काढून तो सावरला, असे मात्र आपण क्वचितच ऐकले असेल.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा पबातले सगळेच काही बागेतले नसते. पावाचे पीठ, चीज, मांस शेजारच्या शेतकऱ्यांकडून येते, मीठ-साखर दुकानातून. बागेला रोज हात लागतात आणि त्या देशात हाताची मजुरी महाग आहे. म्हणून जेवणही महाग पडते. बिल आल्यावर मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि पाण्याचा पेला उचलला. विद्यार्थी म्हणाला, "सर, इथे रुपयांत हिशेब केलात तर उपाशीच राहाल!"

परतताना मी त्या हिशेबाचाच विचार करीत होतो, पण तो वेगळ्या अंगाने. ज्या गोष्टीसाठी मी तिथे इतके पैसे मोजले, ती माझ्या आईने मला लहानपणी फुकट दिली होती. चूल पेटवून ती परसात जायची, चार वांगी, मूठभर शेपू, दोन मिरच्या तोडून आणायची. भाजी फोडणीला पडायची तेव्हा तिच्या पदराला अजून दव लागलेले असायचे. आज गावी गेलो, की काय दिसते? पहाटे उत्तम माल टेम्पोत भरून शहराकडे जातो, आणि घरची सून संध्याकाळी आठवडी बाजारातून सुकलेली मेथी विकत आणते. परसदारी फरशी बसवलेली. माल विकू नये असे मी म्हणत नाही, पैसा हवाच. पण घरचा एक वाफा घरासाठी राहावा, एवढे तरी आपल्या हातात आहे. तिकडचा मनुष्य जे परत मिळवण्यासाठी धडपडतो आहे, ते आपण अजून पुरते गमावलेले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक लहानसा प्रयोग सुचवून थांबतो. आता पुष्कळ शाळांतून परसबागा झाल्या आहेत. येत्या थंडीत तिथे दोन ओळी मटार लावा. शेंगा भरल्या की काही सकाळी तोडून तशाच वर्गात ठेवा. तिसऱ्या दिवशी वेलीवरच्या ताज्या शेंगा तोडा आणि मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून दोन्ही दाणे खायला द्या. कोणता दाणा कोणता, हे मुले बरोबर सांगतील. मग साखर आणि पिष्ट यांचा धडा फळ्यावर लिहा. तो धडा ती जन्मात विसरणार नाहीत.